शिरेत गेलेलं औषध जातं कुठं?

(शहापूर, जि. भंडारा इथं झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन आहे. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



मघाशी बाहेर चहा घेत होतो, तेव्हा एका आजींनी मला विचारलं, "काहो, माजा पाय दुकते अना सलाईन हाताले लावते. मंग त्या औसदाले पाय सापडते कसा?" आजूबाजूचे हसले. पण हा प्रश्न हसण्यावारी न्यायचा नाही. बरोबर हाच प्रश्न एकोणिसाव्या शतकात एडिंबरा आणि लंडनच्या दोन नामांकित डॉक्टरांमध्ये भांडणाचा विषय झाला होता. त्यामुळे मी तयार करून आणलेली सुरुवात बाजूला ठेवतो आणि आजींच्या पायापासूनच सुरू करतो.

तर झालं असं. एडिंबरात अलेक्झांडर वुड नावाचे डॉक्टर होते. 1853 च्या सुमारास त्यांनी पोकळ सुई आणि काचेची पिचकारी वापरून मॉर्फिनसारखी वेदनाशामक औषधं कातडीखाली द्यायला सुरुवात केली. त्याच काळात फ्रान्समध्ये प्राव्हाझ यांनीही तशीच पिचकारी केली होती. वुड यांचा समज असा, की जिथली नस दुखते तिथंच औषध टोचायचं. खांदा दुखतो तर खांद्यात. म्हणजे आजींच्या हिशेबानं पाहिलं तर वुड अगदी सरळ वागत होते.

मग 1858 च्या आसपास लंडनचे चार्ल्स हंटर या शल्यचिकित्सकांच्या लक्षात एक गोष्ट आली. एकाच जागी पुन्हा पुन्हा टोचलं की तिथं गळू होतं. म्हणून त्यांनी दुखऱ्या जागेपासून लांब, शरीरावर दुसरीकडेच टोचून पाहिलं. आराम तेवढाच पडला! हंटर म्हणाले, याचा अर्थ औषध त्या जागेवर काम करतच नाही, ते रक्तात शिरतं आणि सगळीकडे जातं. वुड यांना हे पटेना. दोघांची वैद्यकीय नियतकालिकांतून चांगलीच जुंपली. आज आपल्याला माहीत आहे की हंटर बरोबर होते.

म्हणजे आजी, उत्तर असं की औषधाला पाय सापडत नाही. त्याला काहीच सापडत नाही. ते आंधळं असतं. ते पायात जातं, डोक्यात जातं, यकृतात जातं, करंगळीतही जातं. पायाचं दुखणं थांबतं, कारण तिथं पोचलेल्या वाट्याला करायला काम असतं. बाकीचं औषध नुसतं फिरून येतं, आणि कधी कधी नको तिथं उपद्व्यापही करतं. त्यालाच आपण साईड इफेक्ट म्हणतो.

आता हे फिरणं माणसाला कळलं कधी? आपल्याकडे सुश्रुतानं शिरावेध सांगितला, पण तो शिरेतून रक्त बाहेर काढण्यासाठी. शिरेत घालण्याची कल्पना नव्हती. रसशास्त्रात 'सूचिकाभरण' नावाचा एक रस आहे, वैद्य मंडळींना ठाऊक असेल. सन्निपातात रोगी शुद्धीवर नसेल, तोंडानं काही देता येत नसेल, तर टाळूवर छेद घेऊन सुईच्या टोकाला मावेल एवढं औषध तिथल्या रक्तात चोळायचं. औषध रक्तात मिसळलं की लवकर काम करतं, हे निरीक्षण आपल्याकडे होतं. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. पण तिथून ते रक्त कुठं जातं, हा प्रश्न पुढं कुणी लावून धरला नाही.

तो लावून धरला इंग्लंडच्या विल्यम हार्वी यांनी, 1628 साली. त्याआधी युरोपात समज असा होता की रक्त यकृतात तयार होतं आणि शेताला पाणी दिल्यासारखं अवयवांत मुरून संपतं. हार्वींनी साधा गुणाकार केला. हृदय एका ठोक्याला किती रक्त ढकलतं, अर्ध्या तासात ठोके किती, आणि एकूण रक्त किती झालं. आकडा इतका मोठा आला की तेवढं रक्त अख्ख्या शरीरात मावणार नाही. मग ते नवं बनत नाही, तेच ते फिरतं. बांधीत पाणी मुरतं, पण इथं मोट तेच पाणी पुन्हा पुन्हा उपसते आहे.

रक्त फिरतं म्हटल्यावर त्यात काही सोडलं तर तेही फिरणार. 1656 साली ऑक्सफर्डमध्ये ख्रिस्तोफर रेन यांनी, पुढं लंडनचं सेंट पॉल्स चर्च बांधणारे तेच, एका कुत्र्याच्या शिरेत अफूमिश्रित दारू सोडली. पिसाची नळी आणि प्राण्याचा फुगा, एवढीच सामग्री. कुत्रं लगेच झिंगलं. झोपून मरू नये म्हणून त्याला बागेत पळवत ठेवलं आणि ते वाचलं. रॉबर्ट बॉइल यांनी लिहून ठेवलंय की त्या कुत्र्याची पुढं इतकी कीर्ती झाली की ते चोरीला गेलं.

किती वेळात फिरतं, हे मोजायला मात्र आणखी पावणेतीनशे वर्षं गेली. जर्मनीत हेरिंग यांनी 1829 मध्ये घोड्यांवर मोजलं होतं. पण निरोगी माणसात नीट मोजमाप झालं ते 1927 च्या सुमारास, बॉस्टनमध्ये. हर्मन ब्लमगार्ट या डॉक्टरांनी स्वयंसेवकांच्या एका हाताच्या शिरेत अगदी थोडा किरणोत्सारी पदार्थ सोडला आणि दुसऱ्या हाताशी तो कधी पोचतो ते यंत्रावर पाहिलं. एका हातातून दुसऱ्या हातात, सरासरी 18 सेकंद!

या 18 सेकंदांत काय झालं ते पाहा. हाताच्या शिरेतून औषध काखेकडे, तिथून हृदयाच्या उजव्या बाजूला. उजव्या बाजूनं ते फुप्फुसात ढकललं. फुप्फुसातून हृदयाच्या डाव्या बाजूला. डाव्या बाजूनं महारोहिणीत, आणि तिथून सगळीकडे. निरोगी मोठ्या माणसात पाच लिटरच्या आसपास रक्त असतं आणि हृदय विश्रांतीतही मिनिटाला साधारण तेवढंच ढकलतं. म्हणजे एका मिनिटात सगळी फेरी. तोंडानं घेतलेली गोळी आधी आतड्यात, तिथून आधी यकृतात जाते. यकृत म्हणजे नाकाच, पुष्कळसा माल तिथंच जप्त होतो. शिरेतलं औषध हा नाका पहिल्या फेरीत चुकवतं. छातीत दुखलं की जिभेखाली गोळी ठेवतात, तीही याचसाठी.

इथवरचा इतिहास औषध आत कसं जातं याचा. माझा अनुभव असा की लोक इथंच थांबतात. आत गेलं, संपलं. पण खरा प्रश्न बाहेर कसं पडतं हा आहे. आणि तो समजायला मी तुम्हाला पुण्याला नेतो.

फेब्रुवारी 1944. पुण्याचा आगाखान पॅलेस. गांधीजी आणि कस्तुरबा 1942 च्या ऑगस्टपासून तिथं स्थानबद्ध आहेत. बांचं हृदय थकलंय, त्यात न्यूमोनिया झालाय. सुशीला नायर आणि मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. गिल्डर शेजारी आहेत. तेव्हा पेनिसिलिन हे जवळजवळ चमत्काराचं नाव होतं. सगळा साठा लष्करासाठी. देवदास गांधींनी खटपट करून कलकत्त्याहून विमानानं पेनिसिलिन आणवलं. औषध दारात आलं. तेव्हा गांधीजींना कळलं की हे तोंडानं घ्यायचं नाही, दर काही तासांनी सुई टोचायची आहे. त्यांनी देवदासना समजावलं, आता तिला या यातना नकोत. इंजेक्शन दिलं गेलं नाही. 22 फेब्रुवारीला बा गेल्या.

यावर आजही वाद घालतात. पेनिसिलिननं त्या वाचल्या असत्या असं ठामपणे म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. हृदयविकाराचे झटके आधीच येऊन गेले होते. आणि सुई नको म्हणणाऱ्या नवऱ्याला वेड्यात काढणाऱ्यांवरही नाही. पण माझा आजचा मुद्दा वेगळा आहे. दर काही तासांनीच का? एकदा टोचून का भागलं नसतं?

त्याचं उत्तर तीन वर्षं आधी ऑक्सफर्डमध्ये मिळालं होतं. 12 फेब्रुवारी 1941 ला अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाला शिरेतून पेनिसिलिन द्यायला सुरुवात झाली. चेहऱ्यावरच्या जखमेतून जंतू पसरले होते, एक डोळा गेला होता. एका दिवसात ताप उतरू लागला. पण जगात तेव्हा पेनिसिलिन होतं चिमूटभर. फ्लोरी, चेन, हीटली यांच्या गटाला हेही लक्षात आलं होतं की दिलेलं औषध भराभर लघवीतून बाहेर पडतं. मग त्यांनी काय केलं? त्या रोग्याची लघवी गोळा करायची, सायकलवरून प्रयोगशाळेत न्यायची, त्यातून पेनिसिलिन पुन्हा काढायचं आणि परत त्याच्याच शिरेत सोडायचं! पाच दिवसांनी तेही पुरेना. साठा संपला. रोग पुन्हा उलटला आणि 15 मार्चला तो माणूस गेला.

औषध लागू पडत होतं आणि तरी माणूस गेला, कारण औषध शरीरात टिकत नव्हतं.

हे टिकणं म्हणजे काय, त्याचा हिशेब करू. निरोगी माणसात साध्या पेनिसिलिनचा निम्मा भाग साधारण अर्ध्या तासात नाहीसा होतो. आता समजा पायलीत धानाचे 256 दाणे आहेत आणि दर अर्ध्या तासाला कुणीतरी येऊन निम्मे उचलतं. अर्ध्या तासानं राहिले 128. एका तासानं 64. दीड तासानं 32. दोन तासांनी 16. मग 8, 4, 2. चार तासांनी पायलीत एक दाणा. चोर रोज येतो आणि ठरलेले पोते नेतो असं नाही. जेवढं आहे त्याच्या निम्मं नेतो. पुष्कळ औषधांचं जाणं असंच असतं. म्हणून दुप्पट डोस दिला तर दुप्पट वेळ पुरत नाही, फक्त अर्धा तास जास्त पुरतो. 512 दाण्यांनी सुरुवात करा, करून पाहा घरी.

आणि हा उचलणारा कोण? मूत्रपिंडं. मुठीएवढे दोन अवयव, पण हृदयातून निघालेल्या रक्ताचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून थोडा जास्त एकट्या त्यांच्याकडे जातो. पेनिसिलिन तिथं नुसतं गाळलं जात नाही, मूत्रपिंडाच्या नळ्या ते ओढून बाहेर टाकतात. म्हणून इतकी घाई. स्नायूत टोचलं तर रक्तात उतरायला जरा वेळ लागतो, पण बाहेरचा दरवाजा तोच. आगाखान पॅलेसमध्ये दर काही तासांची सुई सांगितली गेली ती या दरवाजामुळे.

पुढं लोकांनी या दरवाजाशी झटापट केली. प्रोबेनेसिड नावाचं औषध काढलं, ते नळ्यांची वाट अडवतं. मग दुसरी युक्ती: पेनिसिलिनचं असं संयुग करायचं की ते स्नायूत साठून राहील आणि हळूहळू पाझरेल. तुमच्यापैकी कुणाच्या घरी सांधेतापाचं, हृदयाच्या झडपेचं मूल असेल तर दर 21 दिवसांचं पेनिसिलिनचं इंजेक्शन माहीत असेल. अर्ध्या तासाचं 21 दिवसांवर नेलं ते असं. हे इंजेक्शन शिरेत मात्र कधीच द्यायचं नसतं, ते जिवावर बेततं.

आणि जे पेनिसिलिन 1944 मध्ये विमानानं मागवावं लागलं, ते दहा-अकरा वर्षांत पुण्याजवळच तयार होऊ लागलं. 1954 मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं, आणि 1955 मध्ये उत्पादन सुरू झालं. औषध आपल्या देशात, सरकारी कारखान्यात बनलं पाहिजे हा आग्रह धरणाऱ्यांत मुंबईच्या हाफकिन संस्थेचे पहिले भारतीय संचालक साहिबसिंग सोखी पुढं होते. आगाखान पॅलेसपासून पिंपरी किती लांब आहे, पुण्याला गेलात तर पाहा.

बाहेर पडण्याचा आणखी एक प्रकार आहे, तो थोडक्यात सांगतो. 1934 पासून थायोपेंटॉन नावाचं भुलीचं औषध शिरेतून देतात. सुई दिली की आकडे मोजता मोजता माणूस झोपतो आणि पाच-दहा मिनिटांत जागा होतो. सगळ्यांना वाटलं यकृत ते झटपट नष्ट करत असणार. 1950 मध्ये अमेरिकेत बर्नार्ड ब्रोडी आणि सहकाऱ्यांनी मोजलं, तर औषध शरीरातच! मेंदूला रक्त फार, म्हणून आधी तिथं गर्दी झाली. नंतर ते स्नायूंत आणि चरबीत पांगलं. माणूस जागा झाला कारण औषधानं घर बदललं. म्हणून भूल उतरल्यावरही डॉक्टर सांगतात, आज गाडी चालवू नका.

मेंदूचं नाव निघालं म्हणून. औषध सगळीकडे जातं म्हणालो, त्याला हा एक अपवाद. पॉल एर्लिश यांनी 1885 च्या सुमारास प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला, सगळे अवयव रंगले, मेंदू कोराच. त्यांना वाटलं मेंदूला रंग धरतच नाही. 1913 मध्ये त्यांचेच शिष्य गोल्डमन यांनी तोच प्रयोग उलटा केला. रंग मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडला, तर मेंदू रंगला आणि बाकी शरीर कोरं. मध्ये कुंपण आहे. थायोपेंटॉन चरबीत विरघळतं म्हणून ते ओलांडतं, पेनिसिलिनला ते सहज जमत नाही.

आता सलाईन. यावर बोलल्याशिवाय मला इथून जाता येणार नाही.

रोवणी संपत आली की काय होतं तुम्हाला माहीत आहे. आठ-दहा दिवस चिखलात वाकून कंबर मोडलेली असते, अंगात त्राण नसतं, आणि दवाखान्यात रांग लागते: "एक बाटली लावून द्या." रोजी बुडते ती वेगळीच. त्या बाटलीत काय असतं? अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ. सपाट चमचाभरही नाही. ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत 25 ग्रॅम साखर, म्हणजे दोन-तीन कप गोड चहातली. बाकी पाणी. ते शिरेत गेल्यावर निरोगी शरीरात तासाभरात मिठाच्या पाण्याचा साधारण चौथा हिस्सा शिरांत राहतो, उरलेलं ऊतींमध्ये झिरपतं. ग्लुकोजचं पाणी तर त्याहून जास्त पांगतं, बारावा हिस्साच शिरांत उरतो. मग मूत्रपिंडं जास्तीचं बाहेर काढतात. संध्याकाळपर्यंत बाटली न्हाणीघरात. बरं वाटतं ते खरं असतं, कारण दोन तास कुणीतरी तुम्हाला खाटेवर झोपू देतं. आमच्या बायकांना तेवढ्यासाठी दवाखान्यात जावं लागतं, हे मला जास्त लागतं.

सलाईन वाईट आहे असं मी म्हणत नाही. तिचा जन्मच जीव वाचवण्यासाठी झाला. 1831 मध्ये ब्रिटनमध्ये कॉलरा आला, तेव्हा विल्यम ओशॉनेसी या विशीतल्या डॉक्टरांनी रोग्यांचं रक्त तपासून सांगितलं की यातलं पाणी आणि क्षार निघून गेलेत. हेच ओशॉनेसी पुढं कलकत्त्याला आले आणि हिंदुस्थानातली तारयंत्रं त्यांनीच उभारली. त्यांचं वाचून 1832 मध्ये स्कॉटलंडच्या लीथ गावात टॉमस लॅटा यांनी मरणाच्या दारातल्या एका म्हातारीच्या शिरेत मिठाचं पाणी सोडलं. सुमारे तीन लिटर गेल्यावर ती बोलू लागली. लॅटा थकून झोपायला गेले. जुलाब पुन्हा सुरू झाले, पाणी पुन्हा दिलं गेलं नाही, आणि काही तासांत ती गेली. पुन्हा तेच बघा, आत किती गेलं एवढंच पाहून चालत नाही, बाहेर किती जातंय तेही पाहावं लागतं. 1971 मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत सलाईन संपली, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-साखरेचं पाणी तोंडानं पाजून लोक वाचवले. पिऊ शकणाऱ्या माणसाला तोंड पुरतं, हे तिथं सिद्ध झालं.

मग शीर खरोखर हवी कधी? आपल्या भागात एक उत्तर अगदी स्पष्ट आहे. साप. बांधीत घोणस किंवा नाग, पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्याला रात्री मण्यार. 1890 च्या दशकात काल्मेत यांनी दाखवलं की प्राण्याला थोडंथोडं विष देत गेलं की त्याच्या रक्तात प्रतिविष तयार होतं. हाफकिनमध्ये घोड्यांपासून ते बनू लागलं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, या चौघांसाठी मिळून एक. हे प्रतिविष म्हणजे मोठमोठे प्रथिनांचे रेणू. स्नायूत टोचले तर रक्तात उतरायला फार वेळ लागतो. दंशाच्या जागी टोचलं तर नुसता ठणका, कारण विष तिथं थांबलेलं नाही, ते आधीच फिरायला लागलेलं असतं. वुड यांची चूक आपण आजही करतो: "जिथं चावला तिथंच सुई द्या ना!" नाही. ते शिरेतूनच जायला हवं, सुरुवातीलाच साधारण 8 ते 10 कुप्या, आणि उलट परिणाम झाला तर आवरायला अॅड्रिनलिन हाताशी असलेल्या ठिकाणी. लहान मुलालाही तेवढ्याच कुप्या. पालक घाबरतात, एवढ्याशा पोराला एवढं? पण सापानं पोर लहान म्हणून विष कमी सोडलेलं नसतं. इथं डोस माणसाच्या वजनावर ठरत नाही, विषावर ठरतो.

शिरेत सुई लागल्यावर प्रतिविषाला अंगभर पोचायला मिनिटसुद्धा पुरतं. इथून महामार्गानं भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात मोटारसायकलवर जायला किती वेळ लागतो, ते तुम्ही मला सांगा. आणि मांत्रिकाकडे थांबून गेलात तर किती?

आजी, तुमच्या पायाचं मात्र राहिलंच. गुडघा दुखतोय की पोटरी? कार्यक्रम संपल्यावर जरा थांबा, बघू.